शेवटच्या घटकेची क्षमा

शास्त्रपाठ : लूक २३:३२-४३
सोबत वाचा : मत्तय २०:१-१६, यहेज्केल ३३:१०-१६



दर गुड फ्रायडेला दुपारी १२ ते ३ आपण वधस्तंभावरच्या सात उद्गारांचे मनन करतो. आमच्या मंडळीत सात जणांना एकेक उद्गार वाटून देतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दुसरा उद्गार आला. म्हणजे वधस्तंभावरच्या त्या अपराध्याला प्रभूने सुखलोकाचे अभिवचन दिले, तो भाग. मला वाटले, सोपे आहे. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, चार मुद्दे काढू, दहा मिनिटे बोलू. पण त्या वर्षी हा उतारा मला फार जड गेला. का, ते आज सांगते.

गुड फ्रायडेला तीन आठवडे असताना माझ्या चुलत भावाचा फोन आला. "ताई, दादांचं लिव्हर गेलंय. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. ते तुझं नाव घेतात. येतेस का?"

दादा म्हणजे माझे धाकटे काका. चाळीस वर्षे त्यांनी चर्चची पायरी चढली नव्हती. दारू होती, पण ती मोठी गोष्ट नाही. नगर जिल्ह्यात आमच्या आजोबांची चार एकर विहीरबागायत होती. सोसायटीचे कर्ज काढायचे आहे असे सांगून काकांनी माझ्या पप्पांच्या सह्या घेतल्या आणि सगळी जमीन विकून टाकली. पप्पा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. सातबारा हातात आला तेव्हा त्यांना कळलं. आई म्हणाली, केस करा. पप्पा म्हणाले, "सख्ख्या भावाला कोर्टात उभं करणार नाही." नाही केलं. पण त्यानंतर पप्पा मोकळेपणाने हसलेले मी पाहिले नाहीत. ते वारले, तेव्हा काका मातीलाही आले नाहीत.

त्या माणसाकडे मला जायचे होते. खरं सांगते, जावंसं वाटत नव्हतं. गेले ते एवढ्यासाठी, की लोक काय म्हणतील.

काका खाटेवर होते. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, डोळे हळदीसारखे पिवळे. "पोरी, आलीस?" एवढंच म्हणाले. काय बोलावं ते मला सुचेना. पर्समध्ये बायबल होतं आणि लूकच्या तेविसाव्या अध्यायात खूण घातलेली होती. काहीतरी करायचं म्हणून विचारलं, "वाचू का?" त्यांनी मान हलवली. मी वाचलं. वर्तमानपत्र वाचावं तसं वाचलं.

वाचून झाल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण आधी दोघंही शिव्या देत होते ना गं? आई सांगायची."

चाळीस वर्षे बायबलला हात न लावलेल्या माणसाने मला माझ्याच उताऱ्याचा पहिला मुद्दा दिला.

१. आधी दोघेही एकसारखेच होते

काकांचे बरोबर होते. मत्तय २७:४४ आणि मार्क १५:३२ पाहा. तिथे येशूबरोबर वधस्तंभावर असलेले दोघेही त्याची निंदा करत होते असे लिहिले आहे. एक चांगला आणि एक वाईट अशी वाटणी तिथे नाही. फक्त लूक सांगतो की त्यांपैकी एकजण वळला. पुष्कळ जुन्या शिक्षकांनी हे असे समजावले आहे की सुरुवातीला दोघेही शिव्या देत होते आणि त्या काही तासांत कधीतरी एकाचे मन पालटले.

आपण त्याला "चांगला चोर" म्हणतो. पुढच्या काळातल्या 'पिलाताची कृत्ये' नावाच्या ग्रंथात त्याला दिस्मास हे नावही मिळाले. पण लूकने त्याचे नाव दिलेले नाही, आणि चांगला असेही म्हटलेले नाही. मत्तय आणि मार्क त्याला लुटारू म्हणतात. पाकीटमारीसाठी रोमी सरकार कोणाला वधस्तंभावर देत नसे. या माणसाने कोणाचे तरी घर लुटले असेल, कोणाचा तरी जीव घेतला असेल. त्या दिवशी यरुशलेमात किंवा आसपासच्या एखाद्या गावात कोणीतरी विधवा असेल, जिला याला शिक्षा झाल्याचे ऐकून बरे वाटले असेल. हे आपण विसरतो. त्याच्या क्षमेची गोष्ट गोड वाटते, कारण त्याने ज्यांचे वाटोळे केले ते लोक या गोष्टीत दिसत नाहीत.

मी मात्र त्या दिवशी खाटेशेजारी बसले होते ती त्याच लोकांपैकी एक होऊन.

मग तो वळला कशाने? कोणी त्याला उपदेश केला नाही. त्याने पाहिले आणि ऐकले. लूकच्या वृत्तांतात त्याच्या आधी पहिला उद्गार येतो. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठी प्रभूने पित्याजवळ क्षमा मागितली. वधस्तंभावरची माणसे शाप देत, शिव्या देत मरत. शेजारचा हा एकजण मारणाऱ्यांसाठी प्रार्थना करत होता. पहिला उद्गार कानांवर पडला म्हणून दुसऱ्याची वेळ आली, असे मला वाटते.

२. खिळलेल्या माणसाने काय केले?

त्याचे हात खिळलेले, पाय खिळलेले. कोणाचे घेतलेले परत करता येत नाही, बाप्तिस्मा घेता येत नाही, एक दिवससुद्धा चांगला जगून दाखवता येत नाही. मोकळी होती ती फक्त जीभ. तिने त्याने काय केले ते ४० ते ४२ या तीन वचनांत आहे. हळूहळू वाचा.

पहिले, त्याला देवाचे भय वाटले. त्याने आपल्या सोबत्याला विचारले की मरायला टेकलास तरी तुला देवाची भीती नाही का?

दुसरे, त्याने आपला गुन्हा मान्य केला. आम्हांला मिळते आहे ते आमच्या करणीचेच फळ आहे, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ आहे. इथे "पण" नाही. परिस्थिती वाईट होती, संगत वाईट होती, रोमी लोकांनी पिळले होते, असे काही नाही. आपल्या कबुलीजबाबात किती "पण" असतात!

तिसरे, येशू निर्दोष आहे अशी त्याने साक्ष दिली. शिष्य पळाले होते, पेत्राने ओळख नाकारली होती, अधिकारी हसत होते. अशा वेळी भर गर्दीत येशूच्या बाजूने बोललेला हा माणूस आहे.

चौथे, त्याने मागितले. आणि काय मागितले? खाली उतरव असे नाही. ते तर दुसरा मागत होता. लूकमध्ये अधिकारी, शिपाई आणि तो दुसरा अपराधी, तिघांचेही म्हणणे एकच आहे : स्वतःला वाचव. याने मात्र फक्त आपली आठवण ठेवावी एवढेच मागितले, आणि तेही येशू आपल्या राज्यात येईल तेव्हा. समोर काय दिसत होते? रक्ताने माखलेला, श्वासासाठी धडपडणारा एक माणूस, आणि डोक्यावर थट्टेची पाटी. त्या माणसाचे राज्य येणार आहे असे त्या घटकेला आणखी कोणाला वाटत होते? विश्वास लहान होता असे म्हणू नका. वेळ थोडा होता, विश्वास थोडा नव्हता.

आपल्या भाषेत "पश्चात्ताप" म्हणजे मागाहून होणारा ताप, जळणे. तो ताप यहूदालाही झाला होता (मत्तय २७:३). त्याने चांदीची नाणीसुद्धा परत केली. पण तो याजकांकडे गेला, येशूकडे आला नाही. पवित्र शास्त्रातला पश्चात्ताप नुसत्या जळण्यावर थांबत नाही. जुन्या करारातल्या इब्री शब्दाचा अर्थ "परत फिरणे" असा आहे. जळणारा माणूस कोणाकडे तोंड करतो, यावर सगळे अवलंबून आहे. या अपराध्याला मान तेवढी वळवता येत होती. त्याने ती येशूकडे वळवली.

३. "आठवण" म्हणजे काय?

आपण म्हणतो, "आठवण ठेवा बरं का." निरोपाची रीत आहे. शास्त्रात मात्र देव आठवण करतो तेव्हा काहीतरी घडते. देवाने नोहाची आठवण केली आणि पाणी ओसरू लागले (उत्पत्ती ८:१). हन्नाची आठवण केली आणि शमुवेल जन्माला आला (१ शमुवेल १:१९-२०).

आणखी एक गोष्ट आठवते. योसेफ तुरुंगात होता, तेव्हाही त्याच्याबरोबर दोघे कैदी होते, प्यालेबरदार आणि रोट्या भाजणारा. एक सुटला, दुसरा टांगला गेला. सुटणाऱ्याला योसेफाने विनवले होते की तुझे बरे झाल्यावर माझी आठवण ठेव. आणि उत्पत्तीचा चाळिसावा अध्याय संपतो तो या गोष्टीवर, की प्यालेबरदार त्याला विसरला. माणूस विसरतो. कालवरीवर कैदी कैद्यालाच विनवतो आणि तो कैदी विसरत नाही.

उत्तर मागणीपेक्षा मोठे आले. त्याने "येशील तेव्हा" म्हटले होते, प्रभूने "आज" म्हटले. लूकच्या शुभवर्तमानात हा "आज" पुन्हा पुन्हा भेटतो. मेंढपाळांना सांगितले ते आज तारणारा जन्मला असे (२:११). जक्कयाच्या घरी तारण आले तेही आज (१९:९). त्याने आठवण मागितली होती, प्रभूने सोबत दिली. "सुखलोक" असे आपल्या बायबलात भाषांतर केलेला शब्द मुळात जुन्या इराणी भाषेतला आहे. कुंपण घातलेली बाग असा त्याचा अर्थ. उर्दूतला "फिरदौस" त्याच मुळाचा. एदेनाच्या बागेसाठी ग्रीक जुन्या करारात हाच शब्द वापरला आहे. बागेतून हाकलला गेलेला माणूस बागेत परत जातो, आणि पहिला कोण जातो तर एक लुटारू.

इथे एक गोष्ट बहुधा आपल्या लक्षात येत नाही. योहान १९:३१-३३ वाचा. शिपाई पाय मोडायला आले तेव्हा येशू आधीच मरण पावला होता. ते दोघे जिवंत होते. म्हणजे ज्याने अभिवचन दिले तो त्याच्या डोळ्यांदेखत मेला. त्यानंतरही हा माणूस काही वेळ तसाच लटकत होता. वेदना तीच, खिळे तेच, आणि पुढे पाय मोडणार होते. त्याच्याजवळ ऐकलेल्या एका शब्दाशिवाय काही नव्हते. क्षमा मिळाली म्हणून त्याचे मरण सोपे झाले नाही. काकांचेही झाले नाही.

४. मग घाई कशाला?

हा उतारा ऐकून एखादा तरुण मनात म्हणतो, छान! म्हणजे शेवटी पाच मिनिटे मिळाली तरी पुरे. जुने उपदेशक म्हणत आले आहेत की शास्त्रात असे उदाहरण एक आहे, म्हणून कोणी निराश होऊ नये. पण एकच आहे, म्हणून कोणी गृहीत धरू नये. त्याच दिवशी, तितकेच जवळ, दुसरा एकजण होता. त्याने तेच पाहिले, तेच ऐकले आणि शिव्या देतच राहिला.

शेवटची घटका आपल्याला सांगून येत नाही. लूक १२ मधल्या श्रीमंत माणसाने मोठ्या कोठारांचा नकाशा काढला आणि त्याच रात्री त्याचा जीव मागून घेण्यात आला. आजकाल तर शेवटचे दिवस कितीतरी जणांचे आय.सी.यू.मध्ये, नळ्या लावलेल्या, गुंगीत जातात. आणि समजा शुद्ध राहिली, तरी जन्मभर "उद्या, उद्या" म्हणायची सवय लागलेले मन त्या दिवशी "आज" म्हणेल कशावरून? इब्री लोकांस पत्राचा तिसरा अध्याय म्हणूनच "आज" या शब्दाला धरून बसला आहे.

दुसरे असे की उशिरा येणाऱ्याला क्षमा पूर्ण मिळते, पण गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. मनश्शे राजाचे पाहा. त्याने पंचावन्न वर्षे राज्य केले, यरुशलेम निरपराध रक्ताने भरून टाकले. बाबेलात बेड्यांत असताना तो देवापुढे नम्र झाला, आणि देवाने त्याचे ऐकले, त्याला परत आणले (२ इतिहास ३३:१२-१३). केवढी दया! पण त्याचा मुलगा आमोन बापाने आधी घडवलेल्या मूर्तींपुढेच बळी देत राहिला, आणि पुढे यहूदाचा नाश झाला तेव्हा मनश्शेच्या पापांची आठवण निघाली (२ राजे २४:३-४). बाप वळला, पण घर वळवायला उशीर झाला होता.

म्हणून ज्याचे हात अजून मोकळे आहेत त्याने त्या खिळलेल्या माणसाचे उदाहरण देऊ नये. यहेज्केल ३३:१५ सांगते की वळलेला दुष्ट गहाण परत करतो, लुबाडलेले भरून देतो. जक्कयाचे हात मोकळे होते, त्याने चौपट द्यायचे कबूल केले. तुमचे-माझे हात अजून मोकळे आहेत.

५. पहाटेचे मजूर

आता पुन्हा त्या खोलीत येते.

काका बोलू लागले. थांबत थांबत, धाप लागत. जमिनीचे सगळे सांगितले. सही कशी घेतली, पैसे किती आले, कसे गेले. "दारूमुळे झालं असं म्हणू नको. तेव्हा मी पीत नव्हतो. हाव होती." मी ऐकत होते. मनात एकच चालले होते : आता सांगून काय उपयोग? पप्पा असताना का नाही सांगितलं? जमीन गेली, पैसा गेला, पप्पा गेले, आणि आता हा माणूस दहा मिनिटे रडणार आणि तिथे जाऊन पप्पांच्या शेजारी बसणार? पप्पांनी जन्मभर एक रविवार चुकवला नाही. हा कुठला न्याय?

प्रियांनो, मत्तय २० मधले पहाटेचे मजूर असेच बोलतात. सकाळी सहापासून राबलेले, दिवसभराचे ऊन सोसलेले. संध्याकाळी पाचला आलेल्यांनाही तोच एक दीनार मिळाला तेव्हा ते कुरकुरले. मळ्याच्या मालकाने त्यांचे काही कापले नव्हते. ठरल्याप्रमाणे पूर्ण दिले होते. त्यांना टोचले ते दुसऱ्याला मिळाल्याचे. इतकी वर्षे हा दाखला मी वाचत होते आणि आपण कोणाच्या रांगेत उभ्या आहोत हे मला कळले नव्हते.

तेवढ्यात काकांनी विचारलं, "पोरी, देव घेईल मला?" मी तोंडातल्या तोंडात म्हणाले, "घेईल ना." मग ते म्हणाले, "देवाचं ठीक आहे. पण भाऊ तिथं असेल. तो मला आत येऊ देईल का?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन मिनिटे तरी गेली असतील. पप्पांनी काय केलं असतं ते मला माहीत होतं. ज्यांनी भावाला कोर्टात उभं केलं नाही ते दारात उभं करतील? दार अडवून पप्पा उभे नव्हते. मी उभी होते.

मी म्हणाले, "पप्पांनी तुम्हांला केव्हाच माफ केलं होतं, काका. मीच केलं नव्हतं." आणि मग मला रडू आलं. त्यांना आलं होतंच. त्यानंतर प्रार्थना झाली ती मोडकीतोडकी. शब्द त्यांनीच जास्त घातले.

निघताना त्यांनी काकूंना सांगून कपाटातून एक पुडके काढायला लावले. त्यात आजीचे बायबल होते. वाटणीच्या भांडणात ते त्यांच्याकडे राहिले होते. "तुमचं देणं लागतो त्यातलं एवढंच उरलंय," ते म्हणाले. पहिल्या कोऱ्या पानावर आजीच्या अक्षरात मुलांची नावे आणि बाप्तिस्म्याच्या तारखा होत्या. पप्पांचे नाव, आणि त्याच्या खालच्या ओळीत काकांचे.

नऊ दिवसांनी काका वारले. पाळकसाहेब आले, माती झाली. त्यांच्या मनातले खरे किती, भीतीपोटी किती, हे प्रभू जाणतो. मला त्याचा निवाडा करायचा नाही. माझ्याबद्दल एवढे सांगते की राग एका दिवसात गेला नाही. अजूनही गावाकडून एस.टी.ने जाताना ते शेत दिसले की पोटात काहीतरी हलते. तेव्हा मी पुन्हा क्षमा करते. सत्तर वेळा सात, हे एकाच गुन्ह्यासाठीसुद्धा असू शकते, हे मला त्या शेताने शिकवले.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या तेरेझाची एक गोष्ट मला त्यानंतर फार बोलकी वाटू लागली. १८८७ साली पॅरिसमध्ये प्रांझिनी नावाच्या माणसाला तिघींच्या खुनासाठी मृत्युदंड झाला होता. त्यांत एक लहान मुलगी होती. त्याला पश्चात्ताप झाल्याचे काहीच चिन्ह नव्हते. तेरेझा तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने या अनोळखी खुन्यासाठी प्रार्थना सुरू केली. ३१ ऑगस्टला शिरच्छेदाच्या आधी त्याने याजकाच्या हातातल्या क्रुसाचे तीन वेळा चुंबन घेतले, असे तिने वर्तमानपत्रात वाचले आणि तिला रडू कोसळले. ती त्याला आपले पहिले लेकरू म्हणत असे. एका मुलीला परक्या खुन्यासाठी जे जमले, ते मला सख्ख्या काकांसाठी जमत नव्हते.

६. खाटेशेजारी बसणाऱ्यांसाठी

आज तुमच्याही घरात कोणी शेवटच्या आजारात असेल. अनुभवातून काही गोष्टी सांगते.

खोटे बोलू नका. आपल्याकडे आजाऱ्यापासून सगळे लपवतात. "काही नाही, आठ दिवसांत उठून बसाल." त्याला कळत असते. मग तोही आपल्यासाठी नाटक करतो आणि बोलायचे राहून जाते. तो विचारील तेव्हा प्रेमाने खरे सांगा.

उपदेशाची घाई करू नका. थोडे वाचा. एखादे स्तोत्र, एखादा दाखला. मग गप्प बसा. काका बोलले ते मी गप्प होते म्हणून.

कबुली ऐकताना "जाऊ दे, त्यात काय एवढं" म्हणू नका. त्याला ते मोठे वाटते आहे, म्हणून तर तो सांगतो आहे. लहान करून दाखवलेल्या पापाला क्षमाही लहानच मिळाल्यासारखी वाटते.

कोणाशी अबोला असेल, तर त्या माणसाला बोलवा. माझ्या चुलत भावाने मला फोन केला नसता, तर काकाही तसेच गेले असते आणि मीही तशीच राहिले असते.

आणि शुद्ध हरपली तरी प्रार्थना सोडू नका. कान कदाचित ऐकत असतील. ते ऐकत नसले तरी देव ऐकतो.

त्या गुड फ्रायडेला मी दुसऱ्या उद्गारावर बोलले. तयार केलेले चार मुद्दे घरीच राहिले. पप्पांच्या नावाखालची ती ओळ डोळ्यांपुढे होती. मी एवढेच म्हणाले की त्या दिवशी तीन वधस्तंभ होते, आणि मधल्यावरच्या प्रभूने कोणाला बरोबर न्यावे हे मी ठरवणार नाही. मलाही तो बरोबर नेणार आहे, तो याच दयेने.

मननासाठी

- माझ्या कबुलीत कोणता "पण" अजून आहे?
- माझे हात मोकळे असताना मी कोणाचे काय परत करायचे आहे?
- उद्या देवाने कोणाला क्षमा केली तर मला वाईट वाटेल?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, शेवटच्या घटकेला वळलेल्यालाही तू टाकून दिले नाहीस, म्हणून तुझे आभार. आम्हांला उद्यावर ढकलू देऊ नकोस. आज आमचे हात मोकळे आहेत, तर जे परत करायचे ते करायला बळ दे. जे आजारी खाटेवर तुझी वाट पाहत आहेत त्यांच्याजवळ ये. आणि ज्यांनी आमचे नुकसान केले त्यांच्यावर तू दया करशील, तेव्हा आम्ही दार अडवून उभे राहू नये, असे आमचे मन कर. प्रभू येशूच्या नावात मागतो. आमेन.